उष्टी हळद

"हात हलवू नको गं. फळा पुसायलीस काय?"

दादानं माझा डावा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला होता आणि काचेच्या तुकड्यावर तो मलम घोटत होता. ट्यूबलाइटच्या उजेडात सगळ्यांचेच रंग खोटे दिसतात असं त्याचं म्हणणं, म्हणून हा उद्योग सकाळी गच्चीवर, कोवळ्या उन्हात चालायचा. थोडं पिवळं घाल, चिमूटभर तांबडं घाल, पुन्हा घोट, माझ्या बोटाला लाव, मान तिरकी करून बघ, तोंड वाकडं कर आणि पुसून टाक. मी भूगोलाची मास्तरीण. शाळेत पोरं मला टरकून असायची. गच्चीवर मात्र मी म्हणजे नुसता एक हात होते.

"हे गव्हाळ झालं," तो म्हणाला. "तू गव्हाळ नाहीस."

"मग काय आहे?"

"तू गुळाच्या रंगाची. तेही नवा गूळ न्हवे, जुना."

"फार आभारी आहे."

"हसू नको, हात हलतोय."

माझ्या डाव्या हाताला कोड आहे. पाचही बोटं आणि मागची बाजू मनगटापर्यंत पांढरी. चौथीत असताना करंगळीच्या टोकाला पहिला ठिपका आला. वडील आधीच गेलेले. आई डोक्याला हात लावून बसली. दादा, म्हणजे अभिनंदन, तेव्हा मिरजेला डॉक्टरकी शिकत होता. शनिवारी घरी आला, माझी करंगळी चिमटीत धरून बघितली आणि म्हणाला, "एवढ्याला काय रडता? मी घालवतो." पुढं त्याला हवा तो विषय मिळत होता. सर्जन झाला असता. त्यानं कातडीचे रोग घेतले. का घेतले, हे घरात कुणी विचारलं नाही.

ठिपका काही गेला नाही, पसरत गेला. पण दादाचं नाव झालं. सांगलीत आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर त्याचा दवाखाना होता. अथणी, विजापूर, कुठून कुठून माणसं यायची आणि नंबर यायच्या आधी आमच्या जिन्यावर बसून डबे खायची. दारात गाडी आली, घराला वरचा मजला चढला, आईच्या हातात पाटल्या आल्या. कुणालाही हेवा वाटावा असं सगळं. आणि हा शहाणा तो दवाखाना बंद करून मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत शेड घेऊन मलम काढायला निघाला होता. औषधाचं न्हवे, झाकायचं. कोडावर लावायचं, कातडीच्या रंगाशी रंग जुळवायचा, की कुणाला पत्ता लागणार नाही.

आई चहा घेऊन गच्चीवर आली की रोज तोच पाढा.

"अभि, खाली माणसं खोळंबल्यात. चालता दवाखाना मोडून रंग विकणार काय रे तू?"

"रंग न्हवे आई, क्रीम."

"एकूण एकच. लोक काय म्हणतील? डॉक्टर चौगुले रंगाऱ्याच्या धंद्यात गेले."

दादा चिडायचा नाही. बशीत चहा ओतून घ्यायचा आणि म्हणायचा, "मी पेशंटला सांगतो, दोन वर्षं औषध घ्या. पोरीचा बाप म्हणतो, डॉक्टर, पाहुणे येत्या रविवारी येणारायत. काय सांगू त्याला? परदेशी क्रीमं मिळतात ती मडमांच्या रंगाची. आपल्या बाईनं लावली की पिठाच्या डब्यात हात घातल्यागत दिसतं. एका गावात एक दवाखाना चालवून मी किती जणांना पुरणार? ही डबी गावोगाव जाईल."

बोलायला लागला की डोळे असे चमकायचे की आई नुसत्या कपबशा उचलायची. मला तर तो म्हणेल ते खरं वाटायचं. माझा भाऊ माझ्या हातावरून एवढा मोठा कारखाना उभा करतोय, याचा अभिमानच वाटायचा मला.

शेवटी एका सकाळी रंग जुळला. दादानं माझे दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवले, उठून गच्चीच्या टोकाला गेला, तिथून बघितलं, परत आला. "कुठला?" त्यानं स्वतःलाच विचारलं आणि लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या. मग चाचण्या सुरू झाल्या. साबणानं हात धू. भांडी घास. शाळेत दिवसभर खडू धर. घाम यायला पाहिजे म्हणून एका रविवारी मला भर दुपारी जिन्यावरून वरखाली पळायला लावलं, तेव्हा जिन्यावरच्या पेशंटनी पाय आखडून घेतले आणि एक म्हातारी हळहळली, "डॉक्टरच्या भनीला काय झालं म्हनायचं?" मलम काही जायचं नाही. काढायचं झालं की रात्री खोबरेल तेल चोळायचं, तेलानं मात्र लोण्यासारखं सुटून यायचं.

अडलं होतं ते भांडवलाशी. बँकेनं कानावर हात ठेवले. दवाखान्यात मशीन घ्या, लगेच देतो म्हणाले. मग कुणीतरी दादाला इचलकरंजीच्या आप्पासाहेब अकिवाटेंचं नाव सुचवलं. सुताचे मोठे व्यापारी. ते म्हणाले, माल बघितल्याशिवाय मी बोलत नसतो. माल बघायला दादानं त्यांना घरीच बोलावलं. आणि माल म्हणजे मी.

आप्पासाहेब आले ते पांढरंशुभ्र धोतर नेसून, काळी टोपी घालून. चहा झाल्यावर दादानं मला बाहेर बोलावलं. मी दोन्ही हात टेबलावर ठेवून बसले.

"आप्पासाहेब, एका हाताला कोड आहे. सांगा कुठल्या?"

त्यांनी चष्मा चढवला. वाकून बघितलं. खिडकीपाशी नेऊन बघितलं. मग खिशातनं पांढरा रुमाल काढला, पेल्यातल्या पाण्यात बुडवला आणि माझ्या दोन्ही हातांवरून खसाखसा घासला. सुताचा रंग असाच बघतात म्हणे. रुमाल उलगडून उजेडाकडं धरला. कोरा.

"रंग पक्का आहे," ते म्हणाले.

"आहेच!" दादाचा आवाज चढला.

"पोरगी काय करते?"

"शिक्षिका आहे."

आप्पासाहेबांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि आईकडं वळले. "आमच्या मुलासाठी, श्रेणिकसाठी स्थळं बघायलोय आम्ही. तुमची हरकत नसली तर..."

आईच्या हातातला अडकित्ता खाली पडला. मला तोवर सतरा जण बघून गेले होते असं काही नव्हतं. बघायला येण्याआधीच कळायचं आणि कुणी यायचंच नाही. इथं माणूस कोड आहे हे ऐकून, त्यावर रुमाल घासून मागणी घालत होता! आम्हा तिघांनाही ते देवाचं देणं वाटलं. जाताना आप्पासाहेब दारात थांबून दादाला म्हणाले, "आमच्या बायकामंडळींना हे सांगायची गरज नाही. हे क्रीम आहेच की." दादा म्हणाला, "अर्थात." मीही मान हलवली. गैर काही वाटलंच नाही तेव्हा.

श्रेणिक पुढच्या आठवड्यात आला. शांत, लाजरा, हसला की एका गालाला खळी पडायची. आम्हाला बोलायला गच्चीवर पाठवलं. इकडचं तिकडचं झाल्यावर मी धीर करून विचारलं, "तुम्हाला आप्पांनी सांगितलंय ना? मलम काढून दाखवू का हात?"

"नको नको," तो घाईनं म्हणाला. "राहू द्या. त्याची काही गरज नाही."

केवढा समजूतदार, असं वाटून मला भरून आलं. रात्री कितीतरी वेळ मी त्या "गरज नाही"ला कुरवाळत बसले होते. आवडला होता तो मला. खोटं कशाला सांगू, त्या खळीवर मी अख्खा संसार मांडून मोकळी झाले होते.

लग्न झालं की दुसऱ्या दिवशी भागीदारीचा करार, असं ठरलं. दादा हवेत होता. शेडची किल्ली मिळाली होती, मलम घोटायचं यंत्र कोल्हापूरहून यायचं होतं. नव्या पेशंटना नंबर देणं त्यानं बंद केलं आणि जुन्यांना दुसऱ्या डॉक्टरांचे पत्ते द्यायला लागला. "अख्ख्या लग्नात एकाही माणसाला कळणार नाही," तो मला म्हणायचा. "याहून मोठी चाचणी कुठली सांग? मांडवातनं तू बाहेर पडलीस की माझी कंपनी उभी राहिली." त्यानं हळदीचीही चाचणी घेतली. आमच्याकडं हळद दुधात कालवतात. आईनं वाटीत तशी कालवली, माझ्या हाताला लावली, वाळू दिली, धुतली. मलम जागच्या जागी. पिवळेपणाही दोन्ही हातांना सारखा चढलेला. दादानं आईला उचलून गिरकी घेतली.

इचलकरंजीला हळद कशात कालवतात हे कुणी विचारलं नाही. विचारायचं सुचणार तरी कसं?

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी कार्यालयात मला पाटावर बसवलं. अंगावर पिवळं लुगडं, मुंडावळ्या, हिरवा चुडा. नवऱ्याला लावून उरलेली उष्टी हळद घेऊन त्यांच्याकडच्या बायका वाजतगाजत आल्या. सगळ्यात पुढं श्रेणिकची आत्या, हसरी, मोठ्या आवाजाची. "कुठाय आमची नवरी? अगं बाई, गुणाचीच दिसतेय की!" म्हणत ती माझ्यासमोर बसली आणि ताटावरचा रुमाल तिनं काढला.

वाटीतली हळद चकाकत होती. मला आधी वास आला. तिळाच्या तेलाचा.

मी मान वर केली. दादा दारात उभा होता, कॅमेरेवाल्याला काहीतरी सांगत. त्याची नजर वाटीवर गेली आणि तोंडावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले. आत्यानं माझ्या कपाळाला हळद लावली, गालांना लावली, पायांना लावली. मग तळवा भरून घेतला आणि माझा डावा हात धरला.

"थांबा!" दादा ओरडला. "हाताला नको!"

सगळ्या बायका वळून त्याच्याकडं बघायला लागल्या. आत्या हसली. "का हो डॉक्टर? हातालाच तर लावायची. भिऊ नका, चावत नाही आमची हळद." आणि तिनं मनगटापासून बोटांपर्यंत चोळली, मायेनं, जोर लावून, जशी लावायची असते तशी.

गुळाचा रंग तिच्या तळव्यात उतरला. तिनं तळवा उलटा करून बघितला, मग पदराला पुसला. पदरावर तपकिरी डाग. "हे काय निघतंय गं?" ती म्हणाली आणि पुन्हा चोळलं. खालनं माझी बोटं वर आली. आणि पांढऱ्या कातडीवर हळद अशी चढली, की उजवा हात साधा पिवळा आणि डावा हात झेंडूसारखा पेटलेला.

आत्यानं माझा हात सोडला नाही, टाकला. मग ती नळाकडं गेली आणि साबण मागायला लागली.

आप्पासाहेबांना कुणीतरी बोलावून आणलं. ते ओरडले वगैरे नाहीत. बाजूच्या खोलीत, जिथं माझ्या साड्यांची बॅग होती, तिथं आम्ही चौघं उभे राहिलो. ते, दादा, आई आणि मी.

"डॉक्टर, रंग पक्का म्हणाला होता तुम्ही."

"तेलाचं... तेलानं जातं ते, आप्पासाहेब. तुमच्याकडं हळद तेलात कालवतात हे मला माहीत नव्हतं. बदलता येतं ते. फॉर्म्युल्यात थोडा फरक केला की..."

"आम्हाला अडचण न्हवती हो. मी बघूनच मागणी घातली होती. पण आता सगळ्यांनी बघितलं. बहीण म्हणते, ह्या हाताचं मी कसं जेवू."

"कोडाची लागण होत नाही हो, आप्पासाहेब, शिवल्यानं नाही होत! मी डॉक्टर आहे, मी सांगतो ना त्यांना!"

"तुम्ही सांगाल हो," आप्पासाहेब म्हणाले. "पण तुम्हीच झाकलंत की."

दादानं खिशातनं मलमाची डबी काढली. "दहा मिनिटं द्या. मी परत लावतो. काही दिसणार नाही. त्यांना म्हणावं, मेंदीचा रंग निघाला. त्रिशला, ये इकडं, हात पुढं कर."

मी हात मागं घेतला.

"राहू दे दादा."

"राहू दे काय? आण इकडं!"

"नको. त्यांनी बघितलंय. आता काय झाकायचं? श्रेणिकना बोलाव. त्यांना दाखवू या. ते बघून हो म्हणाले तर म्हणाले."

"वेडी आहेस काय?" दादा माझ्या अंगावर खेकसला. जन्मात पहिल्यांदा. "असला हात घेऊन कोण करून घेणार आहे तुला?"

आईनं पदर तोंडात कोंबला. दादाच्या हातात डबी तशीच उघडी होती आणि तो माझ्याकडं असा बघत होता, जसं काही ते वाक्य दुसऱ्याच कुणीतरी बोललंय आणि त्याला तो माणूस शोधायचाय. आप्पासाहेब जमिनीकडं बघत म्हणाले, "आम्ही निघतो." श्रेणिकला कुणी बोलावलं नाही. तो आपण होऊन आलाही नाही.

संध्याकाळी घरी आलो. आई देवघरात जाऊन आडवी झाली. मी न्हाणीघरापुढच्या दगडावर बसले. दादा बादली घेऊन आला, समोर उकिडवा बसला आणि माझा हात धुवायला लागला. साबण, डाळीचं पीठ, लिंबू. हळद निघेना. पांढऱ्यावरची हळद अशी जात नाही. तो घासतच राहिला. मला दुखत होतं, पण मी काही म्हणाले नाही. म्हणाले असते तर त्यानं सोडला असता.

"त्रिशला," तो हाताकडंच बघत म्हणाला, "मी तसं बोलायला नको होतं."

"तुला तसं वाटतं का रे?"

त्यानं पाण्याचा तांब्या भरला, ओतला, पुन्हा भरला.

"बोटांच्या टोकांना रंग परत येत नसतो," तो म्हणाला. "तोंडाला येतो, पाठीला येतो. बोटांना येत नाही. एम.डी.च्या पहिल्या वर्षीच कळलं मला. तरी मी लावत राहिलो तुला औषधं. तुला उन्हात बसवत राहिलो. दर वर्षी वाटायचं, एखाद्याला येईलही. खाली माणसं बरी होऊन पेढे आणून द्यायची आणि ते पेढे घेऊन मी वर यायचो, तर वर तू. मला नाही जमलं गं. मग म्हटलं, निदान झाकू तरी. कारखाना काय, गावोगाव डबी काय... ते सगळं खरंच होतं. पण आधी हे होतं."

तो रडत होता. डॉक्टर अभिनंदन चौगुले, ज्याच्या जिन्यावर माणसं डबे खायची, तो न्हाणीपुढं उकिडवा बसून नाक ओढत होता. मला त्याची इतकी कीव आली, की माझं लग्न मोडलंय हे मी घटकाभर विसरले. आणि माझ्या लक्षात आलं, की माझ्या हाताकडं जन्मभर जर कुणी बिनघोर बघत नसेल, तर तो हाच. आई बघायची, शाळेतली पोरं बघायची, "बाई, तुमच्या हातावर नकाशा आहे," म्हणायची. मीही बघायचे. मला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं हो, खरंच. औषधं मी त्याच्यासाठी लावून घेत होते आणि तो माझ्यासाठी लावत होता.

"दादा, मी हे घालव म्हणून तुला कधी सांगितलं होतं का?" मी विचारलं.

त्यानं मान वर केली. मग त्यानं माझा हात हळूच माझ्या मांडीवर ठेवला, बादली उचलली आणि आत गेला.

शेड त्यानं सोडून दिली. कोल्हापूरहून यंत्र आलं ते तसंच परत पाठवलं. दुसऱ्या एका व्यापाऱ्यानं विचारणा केली होती, तेलानं न जाणारं मलम करता येईल का म्हणून. दादा म्हणाला, येईल, पण मी करणार नाही. महिन्याभरात दवाखाना पुन्हा सुरू झाला, जिन्यावर पुन्हा माणसं बसायला लागली. डॉक्टर तो चांगला होताच, आजही आहे. पुढं त्याचं लग्न झालं, मुलं झाली. माझं झालं नाही. त्याचं दुःख मी केलं, पुरेसं केलं, आणि मग शाळेत लक्ष घातलं, शाळेजवळ वेगळं घर केलं.

आमचं भांडण नाही. माझी विचारपूस तो रोज करतो, माझ्या घराचं विजेचं बिलसुद्धा मी बघायच्या आधी भरून टाकतो. भाऊबीजेला मी त्याला ओवाळते, तो हसतो, चेष्टा करतो, ओवाळणी घालतो. पण त्या संध्याकाळनंतर माझा हात त्यानं कधी हातात घेतलेला नाही. ओवाळणी ताटातच घालायची असते, त्यामुळे ते घरात कुणाच्या लक्षात येत नाही. मी ताट थोडं जास्त वेळ धरून उभी राहते.